घरच्या शाळेचे टाचण

आमचा मुलगा शाळेत जात नाही, घरीच शिकतो, असे कळले की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न चारचौघांत आणि मोठ्याने येतो : "मग पुढे दहावीचं काय?" ह्याचे उत्तर मला आता पाठ झाले आहे आणि ते दोन मिनिटांत संपते. दुसरा प्रश्न विचारणारी माणसे निराळी. ती जिन्यात गाठतात, किंवा लग्नाच्या जेवणात बुफेच्या रांगेत हळूच मागे येऊन उभी राहतात, आणि आवाज खाली आणून म्हणतात, "अहो, पण रोजचं वेळापत्रक कशावर ठेवता? वहीत, की कॉम्प्युटरवर?" त्यांच्या घरात काहीतरी शिजते आहे, हे मला तेवढ्यावरून कळते. नुसती चौकशी करणाऱ्याला दहावी सुचते. ज्याला खरोखरच उद्या सकाळी नऊ वाजता मुलाला समोर घेऊन बसायचे आहे, त्याला वेळापत्रक सुचते.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला जवळजवळ तीन वर्षे लागली, आणि त्यांतल्या पहिल्या वर्षात मी माझ्या मुलाला खोटे बोलायला शिकवले. ते कसे, हे सांगायचे तर जरा मागे जायला हवे.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ही एका पतपेढीत हिशेब पाहते. बिऱ्हाड पुण्यात, दोन खोल्या आणि एक गॅलरी. करोनाची दोन वर्षे पडद्यासमोर बसून काढल्यावर २०२२ च्या जूनमध्ये मुलगा सहावीच्या वर्गात जाऊन बसला. उभे राहून धडा वाचायची पाळी आली आणि तो 'प'वर अडला. बोलताना तो लहानपणापासून अडखळतो. मुले हसली. बाई काही दुष्ट नव्हत्या. सराव व्हावा म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीही त्यालाच उभे केले, आणि तिसऱ्याही. गणपतीपर्यंत अशी स्थिती आली की दप्तर पाठीला लावले की त्याला उलटी व्हायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही त्याला पाठवले नाही. निर्णय असा काही घेतलाच नव्हता. पुढच्या सोमवारी पाठवू, पुढच्या सोमवारी पाठवू, असे म्हणता म्हणता मार्गशीर्ष उजाडला.

घरी शिकणे ही परदेशातून आलेली चूष आहे असे आमच्या काही नातेवाइकांचे मत पडले. मी त्यांना रमाबाई रानड्यांची आठवण करून दिली. १८७३ साली लग्न होऊन त्या आल्या तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांचे होते, आणि त्यांची अक्षरओळख घरी, न्यायमूर्तींच्या हाताखाली सुरू झाली. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मी दर दोन वर्षांनी वर्गात शिकवतो. आमचा मुलगाही तेव्हा अकराच वर्षांचा होता. अर्थात, मी म्हणजे न्यायमूर्ती नव्हे, हे हिने तेवढ्यात सांगून घेतले.

कायद्याचे म्हणाल, तर २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे सांगतो. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही, आणि घरी शिकवण्याविषयी तर काहीच बोलत नाही. दहावीचे उत्तर त्याहून सोपे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की तिच्या माध्यमिक परीक्षेला नाव नोंदवता येते. किमान पाच विषय घ्यायचे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय सुटे सुटे देता येतात. झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

आता वेळापत्रक.

मराठीचा प्राध्यापक म्हणजे वहीवाला, असा लोकांचा समज असतो. तो माझ्या बाबतीत खोटा. मला नव्या यंत्राचे वेड आहे. आमच्या संगणक विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला एक तक्ता तयार करून दिला. काय तो तक्ता! प्रत्येक विषयाला एक स्तंभ, प्रत्येक दिवसाला एक ओळ. धडा झाला की चौकोनावर बोट टेकवायचे. तो हिरवा होतो. रात्री बारापर्यंत टेकवले नाही तर तो लाल होतो आणि आपणहून उद्याच्या ओळीत जाऊन बसतो. वरच्या कोपऱ्यात 'राहिलेले' असा एक आकडा. मी महाविद्यालयात, ही पतपेढीत, मुलगा घरी, आणि तिघांच्याही फोनवर तोच तक्ता. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मी प्राध्यापकांच्या खोलीत चहा पीत पीत मुलाचे भूगोलाचे चौकोन पाहत असे. ज्यांची मुले शाळेत होती त्या सहकाऱ्यांची मला कीव यायची. आपल्या मुलाने अकरा वाजता काय केले, हे बिचाऱ्यांना ठाऊक नसायचे.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने कौतुकाने एक छापील नियोजनवही पाठवली. तीही तिच्या मुलीला घरी शिकवते. जाड पुठ्ठा, तारेची बांधणी, गुळगुळीत कागद, आणि हजेरीचे मोजून एकशे ऐंशी चौकोन. हे एकशे ऐंशीच का, म्हणून मी फोनवर विचारले. तिच्या राज्याचा कायदाच तसा आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचे वर्षाला १८० दिवस भरले पाहिजेत, नाही तर प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास. शिवाय त्याच्या कामाची फाइल आणि पुस्तकांची नोंद ठेवायची, आणि वर्षअखेर ती एका परीक्षकाला दाखवायची. तिथे वही ही कायद्याची गरज आहे. वर्ष ऑगस्टात सुरू, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारची सुट्टी आधीच छापलेली, आणि आमच्या गणपतीचे पाच दिवस मात्र भरगच्च कामाचे! वही फार सुंदर होती. आई आली तेव्हा तिने तीत गव्हाचे दळण आणि गॅसच्या टाकीच्या तारखा लिहायला सुरुवात केली.

पण ह्या वहीमुळे मला एक गोष्ट दिसायला हवी होती, ती दिसली नाही. आम्हाला परीक्षक नव्हता. कोणत्याही कचेरीतून कोणीही आमचा तक्ता पाहायला येणार नव्हते. मग तो कोणासाठी होता?

तो माझ्यासाठी होता. रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमची आढावा-बैठक भरे. लाल राहिलेल्या प्रत्येक धड्याचे नाव मुलाने मोठ्याने वाचायचे आणि तो कधी करणार ते सांगायचे, असा मी नियम केला होता. मोठ्याने वाचण्यापायी ज्या मुलाची शाळा सुटली त्याला मी घरी काय करायला लावत होतो, हे माझ्या लक्षात आले नाही. हिच्या आले. तिने एकदा सुचवूनही पाहिले, "अहो, त्याला नुसतं बोटानं दाखवू दे की." मी म्हणालो, "अगं, आपण घरचीच माणसं, आपल्यापुढे कसला संकोच?"

जानेवारीत त्याला ताप आला. पाच दिवस अंथरुणात. रोजचे सहा धडे. सहाव्या दिवशी उठून बसला तेव्हा तक्त्यात तीस लाल चौकोन त्याची वाट पाहत होते. रोजचे सहा करून शिवाय त्यांतले एखाद-दोन उतरवायचे म्हटले, तरी एखादा पाहुणा, एखादे लग्न, एखादी विजेची फेरी आली की आकडा पुन्हा वर. सावकाराचे कर्ज आमच्या आजोबांनी फेडले होते, त्याची गोष्ट मी लहानपणी ऐकली आहे. मुद्दल तिथल्या तिथेच, आणि माणूस मात्र रोज राबतो आहे. मार्चमध्ये कोपऱ्यातला आकडा ६१ झाला. आणखी एक तोटा होता, तो सांगायला हवा. धडा कोणता हे पाहायला म्हणून हातात घेतलेला फोन परत खाली ठेवला जाण्यापूर्वी त्यात क्रिकेट, मांजरे आणि जपानमधल्या आगगाड्या येऊन जात. हा दोष मुलाचा म्हणवत नाही. माझेही तसेच होते.

आणि मग एप्रिलमध्ये चमत्कार झाला. दोन आठवड्यांत ६१ चे ९ झाले. तक्ता नुसता हिरवागार. मी पाव किलो पेढे आणले. मुलाने पेढा हातात घेतला आणि नंतर खातो म्हणून वाटीत ठेवून दिला. तो दुसऱ्या दिवशीही वाटीतच होता. पेढ्याकडे माझे लक्ष गेले, पण त्याचा अर्थ लागला नाही. शब्दांचा अर्थ लावण्यावर माझे पोट आहे.

जुलैत आम्ही आईकडे वाईला गेलो. पाऊस थोडा उघडला होता. ढोल्या गणपतीच्या घाटावर उभे होतो, कृष्णा चांगली पायऱ्यांपर्यंत चढली होती, लालसर पाणी. कृष्णेच्या खोऱ्याचा धडा तक्त्यात हिरवा होता, हे मला ठाऊक होते. फार सुंदर धडा होता, मीच निवडला होता. मी सहज विचारले, "काय रे, ही कुठून येते?" तो गप्प. मला वाटले अडखळतो आहे, म्हणून मी थांबलो. मग त्याने नदीकडे पाहिले, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि माझ्या ध्यानात आले की पाणी कुठल्या बाजूने येते आहे ते पाहून तो उत्तर शोधू पाहत होता. "महाबळेश्वरहून," आईने सांगितले. "हा वरचा घाट चढला की."

"तो धडा तर झालाय ना?" मी विचारले.

"हिरवं केलं की ते उद्या येत नाही, बाबा," तो म्हणाला. एकाही अक्षरावर अडला नाही.

एप्रिलमधल्या बावन्न धड्यांपैकी त्याने खरोखर किती केले होते ते मी त्याला विचारले नाही. त्या वेळी धीर झाला नाही आणि पुढे गरज राहिली नाही.

त्या रात्री आईने आपल्या टाचणवहीची गोष्ट सांगितली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षे शिक्षिका होती. उद्या काय शिकवायचे, कसे शिकवायचे, साहित्य कोणते, ह्याचे टाचण रोज लिहायचे असा नियम. आणि विस्तार अधिकारी आले की ते पाहून सही करायचे. "साहेब उद्या येणार असा निरोप आला की मी रात्री कंदील घेऊन बसायची आणि आठ दिवसांचं टाचण एका बैठकीत लिहून काढायची," आई हसत म्हणाली. "शाई निरनिराळी वापरायची, म्हणजे एका दिवशी लिहिलंय असं वाटत नाही. शिकवणं मात्र माझं चोख असायचं हो. तपासायला येणाऱ्यासाठी लिहिलं की असंच होतं." आणि नातवाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, आजी पण चोरच आहे." त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

पुण्याला परत येताना ही गाडीत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे आधी कीर्द लिहितात, मग खतावणी. तुम्ही सुरुवातीपासून खतावणीच घेऊन बसलात. कीर्द कुठाय?"

पतपेढीत आता सगळे संगणकावर आहे, पण शब्द जुनेच टिकले आहेत. रोजकीर्दीत त्या दिवशी जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने उतरवायचे. त्यातूनच पुढे खातेवार मांडणी करायची, ती खतावणी. कीर्द मागची असते. तिच्यात उद्याचे काही नसते आणि तिच्यात कालचे काही आजमध्ये येऊन बसत नाही. माझ्या तक्त्यात नुसते देणे मांडलेले होते. दिवसभरात काय घडले ते लिहायला जागाच नव्हती. मुलाने तापात अंथरुणावर पडल्या पडल्या आजीकडून तिच्या माहेरच्या विहिरीची, मोटेची आणि नाड्याची सगळी हकिकत ऐकली होती, चित्र काढून घेतले होते. तक्त्याच्या दृष्टीने ते पाच दिवस लाल.

पुढचे तीन महिने आम्ही काहीच ठेवले नाही. हाही प्रयोग कोणी करून पाहावा असे मी म्हणणार नाही. आज काय करायचे ह्यावर रोज दहा वाजेपर्यंत वाद व्हायचा आणि मग कोणी तरी चहा टाकायचे.

२०२३ च्या दिवाळीत, पाडव्याला, ही एक दोनशे पानी लाँगबुक घेऊन आली. व्यापारी लोक नवी वही सुरू करतात तो मुहूर्त. तिने हळदकुंकू लावले, पहिल्या पानावर स्वस्तिक काढले, आणि ती मुलाच्या हातात दिली. माझ्या हातात दिली नाही. दिवसाला एक पान. पानाच्या डोक्यावर आदल्या रात्री तीनच गोष्टी लिहायच्या, सहा नाहीत. खाली सगळी जागा मोकळी. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी काय झाले ते तिथे. बरोबरची खूण नाही, लाल शाई नाही, पालकांची सही नाही. आणि राहिलेले काम? ते त्याच्या त्याच्या दिवशी, आपल्या जागी, राहिलेले म्हणून राहू द्यायचे. शनिवारी मुलाने मागची सहा पाने उलटायची आणि त्यांतले जे अजून हवेसे वाटेल तेवढेच पुढच्या आठवड्यात हाताने उतरवायचे.

ही शनिवारची उतरवणी हा सगळ्या प्रकरणाचा गाभा निघाला. तक्त्यात राहिलेला धडा फुकट पुढे जातो. कोणाचा हात दुखत नाही म्हणून कोणी विचार करीत नाही. वहीत तो पुन्हा लिहावा लागतो. एके शनिवारी मुलगा म्हणाला, "बाबा, ही राज्यं आणि राजधान्या मी चौथ्यांदा उतरवतोय. आपल्याला हे खरंच हवंय का?" मी जरा विचार केला आणि म्हणालो, नको, नकाशात येईल तेव्हा येईल. अपूर्णांकांच्या बाबतीत त्याने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी म्हणालो, हवंय. मग आम्ही दोघे खाली बसलो आणि ते का राहते आहे ते पाहिले. त्याला छेद समान का करायचे तेच कळलेले नव्हते. मागच्या वर्षी हा धडा तीन वेळा हिरवा झाला होता.

त्या वहीतली पाने मी आता त्याच्या परवानगीने वाचतो. "अपूर्णांक. पोळीचे सहा भाग केले. आजीने एक खाल्ला, म्हणून पाच षष्ठांश." "लाइट गेली. गॅलरीतून गुरू दिसला, तारा नाही तो, ग्रह आहे." "इतिहास नाही झाला. दूधवाल्याशी बोललो, पूर्ण वाक्य." ह्या शेवटच्या ओळीसाठी कोणत्या तक्त्यात स्तंभ असणार?

पण वहीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तिचे प्रताप आम्ही भोगले आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका नामांकित स्पीच थेरपिस्टची वेळ आम्हाला दोन महिने थांबून मिळाली होती. वहीत ती ठळक अक्षरांत लिहिली होती आणि वही दप्तरात मिटून ठेवलेली होती. वही वाजत नाही. संध्याकाळी सात वाजता ते पान उघडले तेव्हा वेळ टळून तीन तास झाले होते. पुढची वेळ सहा आठवड्यांनी मिळाली. त्या सहा आठवड्यांत मुलगा मला एक शब्द बोलला नाही; बोलला असता तर बरे झाले असते. त्याच पावसाळ्यात एक वही गॅलरीत राहिली. आजीने दिलेल्या शाईच्या पेनाने लिहायचा त्याला षौक, त्यामुळे अकरा पाने निळी झाली. आणि "दशांश चिन्हाचा भागाकार आपण कधी केला होता?" असा प्रश्न पडला की अर्धा तास पाने उलटावी लागत. तक्त्यात हेच उत्तर दोन क्षणांत मिळते.

हाताने लिहिलेले अधिक चांगले लक्षात राहते, असे काही मंडळी शास्त्राच्या आधारे सांगतात. २०१४ साली अमेरिकेतल्या दोघा संशोधकांचा एक प्रयोग फार गाजला होता खरा. पण तो व्याख्यानाच्या टिपणांविषयी होता, आणि २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितकासा ठळक आढळला नाही. तेव्हा वहीच्या बाजूने मी ती साक्ष काढीत नाही. आमच्या घरी जे झाले तेवढेच सांगतो.

आज आमच्याकडे तीन ठिकाणी तीन गोष्टी आहेत. जिथे दुसरा माणूस आपली वाट पाहत बसलेला असतो ते सगळे, म्हणजे थेरपिस्ट, तबल्याचे गुरुजी, अर्जाची शेवटची तारीख, फोनमधल्या गूगलच्या कॅलेंडरवर. ते तिघांनाही दिसते आणि अर्धा तास आधी ओरडते. रोजचे काम आणि रोजची हकिकत वहीत. आणि महिनाअखेर मुलगा स्वतः वही समोर घेऊन संगणकावर खतावणी लिहितो : विषय पाच, प्रत्येकातले धडे, कोणता केव्हा झाला, कोणता स्वाध्याय लिहून झाला. मुक्त विद्यालयात ह्या स्वाध्यायांना वीस टक्के वजन आहे, तेव्हा तो हिशेब चोख लागतो, आणि तो करायला संगणकासारखा कारकून नाही. फक्त त्यात लाल रंग नाही आणि कोणताही चौकोन आपणहून हलत नाही. रविवारची सहाची बैठक बंद आहे. त्या वेळी आम्ही पत्ते खेळतो.

ही व्यवस्था सगळ्यांनी उचलावी असे माझे म्हणणे नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ व्यापारी जहाजावर असतात. त्यांच्या दोन्ही मुली घरी शिकतात, आणि समुद्रावरून त्यांना मुलींचा दिवस दिसतो तो संगणकाच्या तक्त्यातच. त्यांच्या घरी वहीचा काय उपयोग? उलट, ज्या घरात आजी-आजोबा दुपारभर मुलाजवळ असतात त्या घरात टेबलावर उघडी पडलेली वही फार कामाची. आमची आई फोनवरच्या तक्त्याला कधी शिवली नाही, पण वहीत तिचे अक्षर ठिकठिकाणी आहे. आमचे दुधाचे खाडे ती अजून कालनिर्णयावरच मांडते. १९७३ पासून ते भिंतीवर आहे, त्याला वीज लागत नाही आणि येताजाता डोळ्यांसमोर असते, एवढा तिचा युक्तिवाद. लहान मुलगा असेल तर पहिली दोन वर्षे मागचीच नोंद ठेवावी, पुढची आखूच नये, असे हिचे मत आहे. मला ते पुरते पटलेले नाही. सकाळच्या तीन ओळी नसत्या तर आमची गाडी दहाच्या चहापुढे गेली नसती.

पैशाचे विचाराल तर लाँगबुकला शंभर रुपयांच्या आत भागते. तयार संगणकी नियोजनपत्रकांची वर्गणी बहुधा डॉलरांत असते. साधा तक्ता आणि फोनमधले कॅलेंडर फुकट मिळते. तेव्हा पैशासाठी हा निर्णय करायची गरज नाही. राहिलेल्या कामाचे तुमच्या घरी काय होते, तेवढे आठ दिवस पाहावे, म्हणजे कशावर लिहायचे ते कळेल.

यंदा, २०२५ च्या मे महिन्यात त्याला चौदा वर्षे पूर्ण झाली. जुलैत माध्यमिकचा अर्ज भरायला बसलो. अर्ज अर्थातच संगणकावर. आठवीचा दाखला नसलेल्या मुलाने एक स्वयंघोषणा द्यायची असते : हा अभ्यासक्रम पुरा करता येईल इतका अभ्यास मी केला आहे, अशा अर्थाची. बाकी कोणी काही विचारीत नाही. मी मजकूर तयार करून ठेवला आणि म्हणालो, "ही इथे सही कर."

त्याने कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मग कपाटातून तिन्ही वह्या काढून आणल्या, ती अकरा निळ्या पानांची धरून. संध्याकाळी साडेसहाला तो गॅलरीत पालथा पडून पहिली वही उघडून बसला. जेवायला हाक मारली तेव्हा तिसरी चालू होती. मधूनमधून तो काही तरी एका कागदावर टिपत होता. काय ते मी पाहिले नाही. साडेनवाला तो आत आला, माझा तयार मजकूर परत केला, आणि कोरा कागद घेऊन स्वतःच्या हाताने ते वाक्य लिहिले. सही केली. मग म्हणाला, "संस्कृतचं थोडं राहिलंय. पण बाकी खरं आहे."

आम्ही त्या कागदाचा फोनने फोटो काढला आणि अर्जाला जोडला.